डी आंझा आणि फूटहिल: कम्युनिटी कॉलेजबद्दल मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या कूपरटिनो, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी घरं भरपूर, आणि स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावरून जाताना डी आंझा कॉलेज रोज दिसतं. फूटहिल हे त्याचं थोरलं भावंड. तरी दोन्हींबद्दलची माहिती बहुतेकांना ऐकीवच असते. मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघताना, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत, नाहीतर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात. मी तिथे शिकले आहे, क्लबच्या टेबलामागे उभी राहिले आहे, म्हणून ही उत्तरं एकदाच लिहून ठेवते. अर्ज कसा भरायचा हे कॉलेजच्या वेबसाइटवर नीट दिलंय, त्यात मी शिरत नाही. फी आणि तारखा मात्र दर वर्षी तिथेच तपासा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय?

बारावीनंतरचं सरकारी, स्थानिक, दोन वर्षांचं कॉलेज. इथे चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं करता येतात आणि मग मोठ्या विद्यापीठात जाता येतं, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात. ज्यांना थेट कामधंद्याला लागायचंय त्यांच्यासाठी ऑटोमोटिव्ह, नर्सिंग, अकाउंटिंग, पॅरालीगल असे अभ्यासक्रम असतात. आणि ज्यांना नुसतं मातीची भांडी करायला किंवा जपानी शिकायचंय, तेही त्याच वर्गात येऊन बसतात.

अमेरिकेतलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये निघालं. कॅलिफोर्नियात सुरुवात फ्रेस्नोला झाली, १९१० मध्ये. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. त्यांचं स्थान ठरलं ते १९६० च्या राज्याच्या आराखड्यात: वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), वरच्या एक तृतीयांशाला कॅल स्टेट (राज्याच्या विद्यापीठांची दुसरी साखळी), आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. प्रवेशपरीक्षा नाही, कट-ऑफ नाही, डोनेशन तर नाहीच.

भारतातही यूजीसीने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण तिचा भर कौशल्य-प्रशिक्षणावर. तिथून यूसी बर्कलीला जाण्यासारखी वाट तिच्यात नाही.

"हुशार मुलं तिकडे जात नाहीत" हे खरं का?

हा प्रश्न असा थेट कोणी विचारत नाही. मंडळात कोणी विचारतं, "मग, तुमचा कुठे?" आणि उत्तर देणारी आई आवाज खाली आणून म्हणते, "सध्या डी आंझालाच घातलंय." त्या "सध्या" आणि "च" मध्ये सगळं आलं.

यूसीच्या नऊ पदवी कॅम्पसांत ट्रान्सफर होऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. बर्कली आणि यूसीएलएही त्यात आहेत. पदवीवर "दोन वर्षं डी आंझा" असं काही छापलेलं नसतं. अॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअॅकही डी आंझात शिकला होता.

आता दुसरी बाजू. सगळीच मुलं ट्रान्सफर होत नाहीत. राज्यभर बघितलं तर जाऊ म्हणणारी बरीच मुलं वाटेत थांबतात. कोणी नोकरीत अडकतं, कोणी गणितात, कोणाला घर चालवायचं असतं. दार उघडं आहे म्हणून आतला रस्ता सोपा आहे असं समजू नका. पण मुलगा हुशार आहे की नाही हे कॉलेजच्या नावावरून ठरवायची सवय आपण पुण्या-मुंबईतून सोबत आणलीये, ती इथे उपयोगाची नाही.

खर्च किती येतो?

वर्ष क्वार्टर नावाच्या सत्रांत विभागलेलं असतं आणि फी युनिटवर, म्हणजे विषयाच्या क्रेडिटवर ठरते. राज्याचे रहिवासी असाल तर एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. पूर्णवेळ म्हणजे क्वार्टरला किमान १२ युनिट, म्हणजे ३७२ डॉलर. वर्षाची तीन क्वार्टर धरली तर १,११६. वर आरोग्यसेवा, विद्यार्थी संघ वगैरेंची किरकोळ शुल्कं आणि पुस्तकं. पुस्तकांसाठी वेळापत्रकात "झीरो टेक्स्टबुक कॉस्ट" अशी खूण असलेले वर्ग शोधा. तिथे पुस्तकाचा खर्चच नसतो.

रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. म्हणून पुढचा प्रश्न आधी वाचा.

मी एच-४ व्हिसावर आहे. शिकता येईल का? एफ-१ घ्यावा लागेल का?

शिकता येतं, पूर्णवेळही आणि अर्धवेळही. एच-४ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. शिकण्यासाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागत नाही.

फीच्या दृष्टीने गंमत अशी की एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येतं, एफ-१ वाल्यांना येत नाही. अट अशी: क्वार्टर सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं असायला हवं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसायला हवा. ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न, घराचा करार, बँक खातं वगैरे. इथेच अडतं. सगळं नवऱ्याच्या नावावर असतं आणि बायकोच्या नावावर लायब्ररी कार्डसुद्धा नसतं. इथे आल्या आल्या लायसन्स काढा आणि भाडेकरारावर स्वतःचं नाव घाला. वर्षभराने कागद गोळा करायला बसलात तर मागच्या तारखेचं काही मिळत नाही.

केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही. ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर कॅम्पसवर पगारी कामही करता येत नाही, अगदी ट्यूटरचंसुद्धा नाही. क्लबमध्ये बिनपगारी काम चालतं. एखाद्या पदाला मानधन असेल तर हो म्हणण्याआधी वकिलाला विचारा.

मुलांच्या बाबतीत: वयाची २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. मुलगा विसाव्या वर्षी दुसऱ्या वर्षात असेल तर ही तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ हवी.

वय अडतीस, इंग्रजी बेताचं. अठरा वर्षांच्या मुलांत ओशाळवाणं नाही का होणार?

पहिला आठवडा होतं. पण त्या वर्गात फक्त अठरा वर्षांची मुलं नसतात. माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात पुढच्या रांगेत हायस्कूलची एक मुलगी होती आणि तिच्या शेजारी निवृत्त पोस्टमन. तो कॅल्क्युलेटर न वापरता तोंडी टक्केवारी काढायचा आणि ती मुलगी त्याला स्प्रेडशीट शिकवायची. मागे रात्रपाळी करून आलेली एक नर्स असायची, तिचा थर्मासचा चहा वर्गभर वास सोडायचा. गटात काम करायची वेळ आली तेव्हा आमच्या गटातल्या व्हिएतनामी मुलाने मला सरळ विचारलं, "तुम्हाला डेडलाइन लक्षात राहतात ना? मग तुम्ही लीडर." घर चालवणाऱ्या बाईला ही एक गोष्ट आयतीच येते.

इंग्रजीसाठी ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे वर्ग आहेत. नॉनक्रेडिट, म्हणजे युनिट न मिळणाऱ्या वर्गांना तर फीच नसते. आणि २०१७ च्या राज्याच्या कायद्यानंतर कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी पूर्वीची प्लेसमेंट परीक्षा गेली. आता पायाभूत वर्गांत वर्ष-दोन वर्षं अडकवून ठेवत नाहीत.

कोणीतरी तुम्हाला "आंटी" म्हणेल. आपलीच देशी मुलं म्हणतात, बाकीचे नावाने हाक मारतात. महिन्याभरात तुम्हाला "आंटी"च परकं वाटायला लागेल.

पहिल्या आठवड्यात काय चुकवू नये?

पहिला तास. तुम्ही आला नाहीत तर शिक्षक तुमचं नाव काढून वेटलिस्टवरच्याला जागा देऊ शकतात, आणि देतातही. भारतातून परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं.

इथे सेमिस्टर नाही, क्वार्टर आहे. परीक्षा धरून साधारण बारा आठवडे. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत सेमिस्टर असतं, त्यामुळे दुसऱ्या गावच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते. "आधी जरा स्थिरावू दे" म्हणेपर्यंत अर्धं क्वार्टर संपतं.

वेटलिस्टवर असाल तरी वर्गात जाऊन बसा. पहिल्या दोन आठवड्यांत बरीच मुलं सोडून जातात.

शिक्षकांना काय म्हणायचं? सर, मॅडम?

ते स्वतःच सांगतात. बरेच जण पहिल्या नावानेच हाक मारा म्हणतात, आणि आपली जीभ अडखळते. "प्रोफेसर" आणि आडनाव कुठेही चालतं.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ऑफिस अवर्स. शिक्षक आठवड्यातून ठरावीक तास फक्त विद्यार्थ्यांसाठी मोकळे बसलेले असतात, आणि तिकडे बहुतेक वेळा कोणी फिरकत नाही. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं वाटायचं, म्हणून आपली मंडळी तर हमखास जात नाहीत. गेलात तर अभ्यासाची शंका सुटतेच, शिवाय पुढे शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमचा चेहरा आठवतो.

हॉस्टेल नाही, सगळे घरून येतात. मग कॉलेजचं आयुष्य असं काही असतं का?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

डी आंझाच्या कॅम्पसवर वसतिगृह नाही. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना नसतं. मुलं गाडीने येतात, तास करतात आणि पार्किंगकडे चालू लागतात. बरीच जण नोकरी करतात, त्यांची शिफ्ट असते. दोन वर्षं अशी येऊन-जाऊन काढता येतात, आणि मग "तिथे काही मजा नाही, कोणी ओळखीचं झालं नाही" असं सांगता येतं. ते खोटंही नसतं.

चार वर्षांच्या विद्यापीठात शेजारच्या खोलीतला मुलगा दार वाजवतो. इथे दार वाजवणारं कोणी नाही. तुम्हालाच थांबावं लागतं. माझा एकच सल्ला आहे: आठवड्यातले दोन दिवस असे ठरवा की तासानंतर दोन तास कॅम्पस सोडायचा नाही. लायब्ररी, कॅफेटेरिया, ट्यूटरिंग सेंटर, क्वाडमधला (इमारतींमधल्या मोकळ्या अंगणातला) बाक, कुठेही बसा. गणिताच्या ट्यूटरिंगमध्ये एकाच टेबलावर तीन वेळा भेटलेला माणूस चौथ्या वेळी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. आपल्याकडे कॉलेजचा कट्टा काय वेगळा होता? तिथेही कोणी कोणाला आमंत्रण देत नव्हतं, लोक फक्त तिथे असायचे.

आई-बाबांसाठी एक: मुलगी तास संपल्यावर तीन तासांनी घरी आली तर "इतका वेळ काय करत होतीस" हे जरा बेतानं विचारा.

क्लब डे म्हणजे काय?

क्वार्टर सुरू झाल्यावर काही दिवसांनी दुपारी मेन क्वाडमध्ये ओळीने टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलामागे एक क्लब. कागदी फलक, वाटीत चॉकलेटं, आणि हल्ली वहीऐवजी क्यूआर कोड. संगणकवाले, नर्सिंगवाले, बुद्धिबळ, अॅनिमे, निरनिराळ्या देशांच्या आणि धर्मांच्या संघटना, भटकंतीवाले. कुठेतरी नाच चालू असतो, कुठेतरी कोणी माइकवर ओरडत असतं. नवीन मुलं टेबलांपासून चार हात लांबून, फोनमध्ये बघत, तिरक्या नजरेने फलक वाचत जातात. टेबलामागून बघताना हे फार मजेशीर दिसतं.

नाव नोंदवलं म्हणजे बांधील झालो असं नाही. पाच-सहा ठिकाणी नोंदवा, पहिल्या बैठकीला जाऊन बघा, त्यातले एक-दोन धरा. फोनवर पन्नास ईमेल येतील, तेवढं सोसा.

हवा तसा क्लब नसेल तर नवा काढता येतो. थोडे सभासद, सल्लागार म्हणून कॉलेजचा एक कर्मचारी किंवा शिक्षक, आणि इंटर क्लब कौन्सिलची मान्यता लागते. सल्लागार शोधणं हेच खरं अवघड काम. त्यासाठी ऑफिस अवर्सला जाणारी माणसं उपयोगी पडतात.

आपल्यासारखं गॅदरिंग असतं का?

तसं एक मोठं स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण, साडी डे, टाय डे असं काही नाही. कार्यक्रम वर्षभर विखुरलेले असतात आणि बहुतेक भरदुपारी, कारण संध्याकाळी अर्धे लोक कामावर. सुरुवातीला वेलकम वीक, शरदात विद्यापीठांचे प्रतिनिधी येतात तो ट्रान्सफरचा मेळावा, फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथ, मार्चमध्ये महिलांच्या इतिहासाचे, मे महिन्यात आशियाई वंशाच्या अमेरिकनांचे कार्यक्रम. नाच आणि गायनाच्या वर्गांचे प्रयोग क्वार्टरच्या शेवटी होतात, ते आवर्जून बघा. ला व्होज हे विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र आहे, कुठे काय चाललंय हे त्यातून बरं कळतं.

प्रेक्षक कमी असतात. चाळीस खुर्च्या आणि नऊ माणसं असं चित्र नवीन नाही. त्याचा फायदा घ्या. एरवी ज्या वक्त्याला लांबून बघावं लागलं असतं त्याच्याशी कार्यक्रमानंतर निवांत उभं राहून बोलता येतं.

कॅम्पसवर गणपती, दिवाळी करायची आहे. काय लागतं?

आधी पंचांग आणि कॉलेजचं कॅलेंडर शेजारी ठेवा. गणपती बहुतेक वर्षी कॉलेज उघडायच्या आतच विसर्जित झालेले असतात. होळी विंटर क्वार्टरच्या परीक्षांच्या तोंडावर. गुढीपाडवा पुष्कळदा विंटर आणि स्प्रिंगच्या मधल्या सुट्टीच्या आसपास. राहता राहिली दिवाळी. ती फॉल क्वार्टरच्या मधोमध येते, मिडटर्मच्या धामधुमीत, पण कॉलेज तरी उघडं असतं. मराठी म्हणून काही करायचं असेल तर १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सोयीचे, दोन्ही विंटरच्या ऐन मध्यात येतात. त्यांचा विचार फारसा कोणी करत नाही याचं मला नवल वाटतं.

मग परवानग्या. जागा मान्यताप्राप्त क्लबच्या नावाने काही आठवडे आधी राखावी लागते. आवाजाला ठरावीक वेळ आणि मर्यादा असते, कारण शेजारी तास चालू असतात. ढोल-ताशाचं पथक आणायचं डोक्यात असेल तर आधी त्या वेळी कुठे परीक्षा नाही ना ते बघा. उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा पणत्या बॅटरीवरच्या. रांगोळी फुलांची किंवा खडूची काढा. रंगाची भुकटी काँक्रीटवरून धुऊन निघत नाही आणि मग सफाईचं बिल क्लबला येतं.

सगळ्यात जास्त वाद खाण्यावरून होतात. घरी केलेला फराळ सार्वजनिक कार्यक्रमात वाटायला किंवा विकायला काउंटीच्या अन्न-नियमांची आडकाठी असते. काकूंनी प्रेमाने केलेल्या दोनशे चकल्या घेऊन टेबलावर बसलात आणि कोणी उठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. परवाना असलेल्या दुकानातून आणा, पावती ठेवा, आणि शेंगदाणे-काजू असतील तर मोठ्या अक्षरात लिहा. इथल्या मुलांना सुकामेव्याची अॅलर्जी खरोखरच गंभीर असते. घरच्या चकल्या क्लबच्या मुलांनी घरी बसून खाव्यात.

पैसे विद्यार्थी संघाकडून मिळू शकतात, पण अर्ज आधी करायचा. खर्च करून मागून बिलं दिलीत तर बहुधा हात हलवत परत याल.

मुलगा क्लबचा खजिनदार झालाय. अभ्यासावर परिणाम होईल का?

थोडा होईल. पण यूसीच्या अर्जात लहान लहान निबंधांतून स्वतःबद्दल लिहायचं असतं, आणि "मला नेतृत्वाची आवड आहे" या वाक्यापेक्षा "पंधरवड्यात पैसे मंजूर करून घेतले, दोनदा नकार आला" हे लिहिणं कधीही बरं. एक पद ठीक. तीन क्लबांत तीन पदं असतील तर बोला त्याच्याशी.

ट्रान्सफरचं गणित थोडक्यात सांगाल?

९० क्वार्टर युनिट झाली की तिसऱ्या वर्षात जाता येतं. "टॅग" नावाची हमी-योजना यूसीच्या सहा कॅम्पसांना आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. एकाच कॅम्पसला टॅग भरता येतो, १ ते ३० सप्टेंबर याच काळात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, तिथे स्पर्धा. काही विषय, विशेषतः काही कॅम्पसांवरचं संगणकशास्त्र, टॅगमधून वगळलेले असतात. "सहा कॅम्पस आहेत, कुठेतरी लागेलच" हा हिशोब करण्याआधी ती यादी बघा.

कुठला विषय कुठे धरला जातो हे असिस्ट या राज्याच्या वेबसाइटवर कळतं. सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या विषयांचा साचा २०२५ च्या फॉलपासून आयगेटसी जाऊन कॅल-गेटसी झालाय. थोरल्या मुलीच्या वेळची आयगेटसीची यादी धाकट्याला चिकटवू नका. आणि काउन्सेलरला पहिल्याच क्वार्टरमध्ये भेटा. मित्राच्या मित्राने दिलेली विषयांची यादी कितीही सुबक असली तरी ती त्याच्या विषयाची असते.

मुलगी अजून हायस्कूलमध्ये आहे, पण डी आंझाचा एक वर्ग घेते. तिचे मार्क मला बघता येतील का?

तिच्या परवानगीशिवाय नाही. १९७४ चा फर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. कॉलेजच्या वर्गाला नाव घातलं की त्या वर्गाच्या नोंदी विद्यार्थ्याच्या मालकीच्या होतात, वय सोळा असलं तरी. फी तुम्ही भरली तरी शिक्षक तुमच्याशी तिच्या मार्कांबद्दल बोलणार नाहीत. "मी तिची आई आहे" असं तीन वेळा सांगूनही नाहीत. तिच्याकडूनच बघा.

हा वर्ग सोपा म्हणून घेऊ देऊ नका. इथला ग्रेड कायमचा, पुढे प्रत्येक विद्यापीठाला दाखवावा लागतो.

वर्ग झेपत नसेल तर?

साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला तर नोंदही राहत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे वर्ग सोडल्याची नोंद) लागतो. एखादा डब्ल्यू म्हणजे आयुष्याचं नुकसान नव्हे, एफपेक्षा कितीतरी बरा. सोडण्याआधी ट्यूटरिंग सेंटरला जा, फुकट असतं. मन थाऱ्यावर नसेल तर आरोग्यसेवेतून समुपदेशन मिळतं. त्याचं शुल्क तुम्ही आधीच भरलेलं आहे आणि घरी पत्र येत नाही.

डी आंझा की फूटहिल?

दोन्ही एकाच कॉलेज डिस्ट्रिक्टची (एकाच कारभाराखालची) कॉलेजं आहेत, दोन्हीकडचे वर्ग एकाच वेळी घेता येतात. फूटहिल थोरलं, १९५७ मधलं. लॉस आल्टोस हिल्सच्या टेकडीवरचा सध्याचा कॅम्पस १९६१ चा, वास्तुरचनाकार अर्नेस्ट कंप. रेडवुडची उतरती छपरं, झाडं, शांतता. डी आंझा १९६७ चं, शहरात, गजबजलेलं. फूटहिलवर केएफजेसी हे ८९.७ एफएम रेडिओ केंद्र आहे. ज्या मुलाला आवाज, संगीत, प्रसारणाचं वेड आहे त्याने तिथे जाऊन दार ठोठवावंच.

गाडी नसेल तर डी आंझा. व्हीटीए या स्थानिक बससेवेची २३ आणि ५२३ नंबरची बस स्टीव्हन्स क्रीकवरून थेट कॅम्पसला येते. फूटहिलला टेकडी चढावी लागते.

पहिला मॅकिंटॉश डी आंझातच दाखवला होता ना?

हो. २४ जानेवारी १९८४, फ्लिंट सेंटर. स्टीव्ह जॉब्सने पिशवीतून काढून तो टेबलावर ठेवला तो याच कॉलेजच्या नाट्यगृहात. २०१४ मध्ये आयफोन ६ आणि अॅपल वॉचही तिथेच. ते नाट्यगृह २०१९ मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं. पाहुण्यांना दाखवायला घेऊन जाऊ नका, दाखवण्यासारखं आता काही नाही.

आजी-आजोबा उन्हाळ्यात येणार आहेत. पदवीदान बघता येईल का?

क्वार्टरमुळे इथलं पदवीदान जूनच्या शेवटाकडे असतं, बाकीच्या कॉलेजांच्या मागून. मेमध्ये येऊन जूनच्या मध्यात परतायचं तिकीट काढाल तर हुकेल. कार्यक्रम उघड्यावर असेल तर टोप्या आणि पाणी न्या. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी कळवा, पुढे जागा देतात.

काही मुलं "नुसतं कम्युनिटी कॉलेजचं तर आहे" म्हणून गाऊनच घेत नाहीत. घ्यायला लावा. तिथे नातवंडांना कडेवर घेऊन मंचावर जाणारी माणसं दिसतात.

मी विद्यार्थी नाही. नुसतं कॅम्पसवर येऊन काही बघता येतं का?

येतं. युफ्रॅट कलादालनात प्रवेश फुकट, पण कॉलेजला सुट्टी असेल तेव्हा तेही बंद, म्हणून वेळ बघून निघा. फुजित्सू तारांगणाचे खेळ हंगामात ठरावीक शनिवारी संध्याकाळी असतात. तिकिटं आधी काढा, लहान मुलांच्या खेळाची लवकर संपतात. पूर्वी महिन्याच्या पहिल्या शनिवारी पार्किंगमध्ये विद्यार्थी संघाचा मोठा जुना बाजार भरायचा. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं वर्णन ऐकून निघणार असाल तर आधी कॉलेजच्या वेबसाइटवर खात्री करून घ्या.